बाल्कनीखालची काच

आमच्या घरात सिनेमावरून जे भांडण आयुष्यभर चाललं, ते सिनेमाच्या गोष्टीवरून नव्हतं, बसायच्या जागेवरून होतं. नांदुऱ्याच्या टॉकीजमध्ये बाबा वर बाल्कनीत बसायचे आणि माय खाली, लेडीजमध्ये. दोघं वडनेर भोलजीहून एकाच सायकलवर यायची, टॉकीजच्या फाटकापाशी उतरायची, आणि तिथून ते जिन्याकडे आणि ती बोळातल्या बायकांच्या दरवाजाकडे.

"साहेबावानी वर जाऊन बसे अन् मले खाली पोराईसंग कोंबून दे," हे मायचं म्हणणं.

"मी वरून तुलेच पाहो," हे बाबांचं.

"खोटं."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. माय नव्वदीला टेकली आहे आणि अजूनही, विषय निघाला की, भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघून "खोटं" म्हणते. फोटो उत्तर देत नाही, म्हणून दर वेळी तीच जिंकते.

बाबांच्या बाजूने बोलायला आता मीच उरले आहे, तर बोलते. बाबा आमच्या वस्तीतले पहिले शाळामास्तर. गावात कुणाच्या ओसरीला कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं होतं. टॉकीजमध्ये तसलं काही नव्हतं. तिकीट दाखवलं की जिना मोकळा. म्हणून पगार कितीही तोकडा असो, बाबा सिनेमा बघणार तर बाल्कनीतूनच. हे मला पटतं. पटत नव्हतं ते एवढंच की बाल्कनीत गेल्यावरसुद्धा ते डाव्या टोकाच्या शेवटच्या खुर्चीसाठी धडपडायचे. मी लहान असताना कधी वर त्यांच्यापाशी तर कधी खाली मायपाशी असायची. पोरांना दोन्हीकडे मुभा होती. त्या कोपऱ्यातून पडदा इतका तिरका दिसे की नायकाचं तोंड काकडीसारखं लांब व्हायचं. मधल्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बाबा कोपराच धरायचे. माझी मान अवघडायची. मध्येच ते म्हणायचे, "जाय, खाली मायजवळ हे फुटाणे देऊन ये, दमली असंन थे," आणि मी अंधारात जिना उतरायची.

पुढे मी इंजिनिअर झाले, बुलढाण्याला सरकारी बांधकामाच्या कचेरीत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळा, दवाखाने, लहान पूल हे माझं काम. खरं सांगायचं तर लोकांना "नाही, हे असं चालणार नाही" म्हणणं हे माझं काम, आणि ते मी आवडीने केलं. त्यामुळे त्या टॉकीजकडे मी जेव्हा बांधकाम म्हणून पाहिलं, तेव्हा मला ती अधिकच आवडली. कारण तिच्या बांधणीतली निम्मी गोष्ट नियमाबाहेरची होती आणि तरी ती उभी होती.

मुळात ते कापसाच्या गाठींचं गोदाम. म्हणून भिंती जाड, विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, आणि वर लोखंडी कैच्यांवर पत्रे. बोलपटांचा जमाना आला तसा कुणा हौशी मालकाने समोर एक नवं तोंड लावलं: पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारा सिमेंटचा दर्शनी भाग, त्यावर उगवत्या सूर्याचे किरण, आणि एक हात जाईल एवढीच तिकिटाची खिडकी. पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येऊ नये म्हणून उतार हवा, तर यांनी मागची जमीन उंच करण्याऐवजी पडद्याकडची जमीन खोदून काढली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आतून बारदान ठोकलं. पत्र्यांवर पाऊस वाजायला लागला की त्या बारदानाचा काही उपयोग नसे. नायिका नुसतेच ओठ हलवायची आणि लोक आपापल्या मनाने संवाद घालायचे. बाल्कनीला सिमेंटचे बीम कुठून आणणार? गाव रेल्वेचं. रेल्वेने काढून टाकलेले जुने रूळ आडवे घातले, भिंतीत दोन्हीकडे खोल रोवले, वर फरशी टाकली. आमची बाल्कनी आगगाडीच्या रुळांवर उभी होती.

लेडीज खाली डाव्या अंगाला. पुरुषभर उंचीची एक आडभिंत पडद्याकडून निघून बाल्कनीच्या कठड्याखाली येऊन थांबायची, आणि भिंतीवर दोरीला जाड कापड सोडलेलं. पुरुषांकडून बायका दिसू नयेत आणि बायकांना पडदा दिसावा, असा तो बेत. बायकांचा दरवाजा वेगळा, बोळात उघडणारा. रडकी पोरं असलेल्या बायका त्या दरवाजाशी बसायच्या. माय कायम तिथे.

आणखी एक रीत सांगायला हवी. फोन नव्हते, त्यामुळे सिनेमाला गेलेल्या माणसाला बोलवायचं तर निरोप घेऊन येणारा मागच्या मशीनच्या खोलीत जायचा. तिथे काचेच्या तुकड्यावर काजळी धरून त्यात खिळ्याने अक्षरं ओढायचे आणि ती काच दिव्यापुढे धरायचे. चालू सिनेमाच्या अंगावर वाकडीतिकडी पांढरी अक्षरं उमटायची: अमक्या गावचे तमके, बाहेर या. आख्खं थेटर गप्प व्हायचं. कारण माणसाला सिनेमातून उठवून न्यायचं म्हणजे घरी काही चांगलं घडलेलं नसणार, असाच सगळ्यांचा समज.

एकदा तिथे "वडनेरचे गुरुजी, बाहेर या" अशी अक्षरं आली. मी बाबांच्या शेजारी होते. मायचे दिवस भरत आले होते, पण अजून अवकाश आहे असं सुईणीने सांगितलं होतं. बाबा उठले ते चप्पल न घालताच. जिन्यावर त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की मी ओरडले. बाहेर माझा काका सायकल धरून उभा, घामाने भिजलेला, आणि त्याला दमामुळे बोलता येईना. बाबा नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी तो म्हणाला, "पोरगा झाला. दोघंबी बरे हायेत." बाबा तिकिटाच्या खिडकीखाली मटकन बसले आणि हसायला लागले, आणि मग रडायला. माझा भाऊ असा पडद्यावर जाहीर होऊन जन्माला आला. "मी बाळंतीण अन् थो बाल्कनीत," हे मायच्या तक्रारीतलं जास्तीचं कलम त्या दिवसापासूनचं.

मग घरोघरी टीव्ही आले, टॉकीज बंद पडली. एका धान्यवाल्याने ती गोदामासाठी घेतली, आडभिंत पाडली, खुर्च्या भंगारात काढल्या. हरभऱ्याची, तुरीची थप्पी पडद्यापर्यंत लागायची. त्याने ती सोडली तेव्हा माझ्या भावाने घेतली. तो वडनेरला शेती करतो, चांगली करतो, आणि डोक्यात घेतलं की घेतलं. तिथे मंगल कार्यालय करायचं आणि पहिलं लग्न स्वतःच्या मुलीचं लावायचं, असं त्याने ठरवलं. मी त्याला विचारलं, नवा हॉल बांध की मोकळ्या जागेत. तर म्हणाला, "ताई, माह्या जन्माची वर्दी जिथं लागली, तिथंच माह्या पोरीचं लगन लागंन."

पण मला विचारायला हवं होतं ते त्याने विचारलंच नाही. लग्नाचा हॉल म्हणजे जमीन सपाट हवी, तर पडद्याकडचा तो खोदलेला उतार त्याने भरून काढला, वर फरशी घातली, आणि सगळं झाल्यावर मला फोटो पाठवले.

पुढच्या पावसाळ्यात सकाळीच त्याचा फोन आला. "ताई, भित तडकली."

मी घाट उतरून बसने नांदुऱ्याला आले. डाव्या भिंतीला भेग पडली होती. भराव जिथे सगळ्यात खोल, तिथून ती निघाली होती आणि तिरपी चढत बाल्कनीच्या डाव्या टोकाला, बरोबर रूळ भिंतीत शिरतो तिथे पोचली होती. नवीन फरशी मधोमध पोट काढल्यासारखी फुगली होती. मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने सांगून टाकलं, "बाल्कनी पाडा. रूळ सुटला त खालची माणसं गेली."

मी भावाला विचारलं, "भराव कायचा टाकला?"

"आपल्याच वावरातला. शेततळं खोदलं, त्याची माती पडूनच होती. मुरूम कशाले आणा? आपली माती सोनं हाय."

"काळी?"

"हाव. एकदम काळी. खडा दाखव म्हनलं त मिळनार नाई."

हा माणूस दर उन्हाळ्यात त्याच वावरात पाय जाईल एवढ्या भेगा बघतो. पाऊस पडला की तीच माती फुगून भेगा मिटवते, हेही दरवर्षी बघतो. घराचा पाया घ्यायचा तर ती काळी उकरून फेकतो, मुरूम लागेपर्यंत खाली जातो. पण स्वतःच्या शेतातली माती, ती कशी वाईट वागेल? वरून छताची पन्हळ गळत होती. पाणी भरावात मुरलं, माती फुगली, फरशी उचलली आणि भिंतीला खांदा लावला.

"बाप्पा," मी म्हणाले, "थे सोनं कपाशीले. तू त्याच्यावर घर उभं केलं. वाटीत कोरडे हरबरे कोंबले अन् वरून पानी सोडलं. वाटी फुटनार नाई त काय होईन बे?"

त्याची सगळी हौस तोंडावरून उतरलेली. लग्न हिवाळ्यात होतं. मला त्याच्यावर राग होता आणि त्याची दयाही येत होती, दोन्ही सारखंच.

भिंत सरकून थांबली आहे की अजून सरकते आहे, हे कळायला एक साधी पद्धत आहे. भेगेवर आडवी काच चुन्या-सिमेंटने दोन्हीकडे पक्की बसवायची. भिंत हलली तर काच तडकते. काच शाबूत म्हणजे भिंत शांत. काच शोधायला मी मशीनच्या खोलीत गेले. ती खोली होती तशीच होती. आग लागली तर खाली पाडायच्या लोखंडी झडपा अजून पडद्याकडच्या भोकांवर लटकत होत्या. कोपऱ्यात एका खोक्यात जुन्या काचा सापडल्या, जाहिरातींच्या आणि सूचनांच्या. मी पहिली हाताला लागली ती घेतली, कापडाच्या दुकानाची, फेट्यातल्या नवरदेवाचं चित्र असलेली, आणि रुळाच्या खाली भेगेवर लावली.

दोन दिवस पाऊस झाला. नवरदेव गळ्यापासून तडकला.

त्या संध्याकाळी घरी मी सांगितलं की लग्न होईल, पण बाल्कनी बंद. जमलं नाही तर पाडू. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. माय खाटेवर पडून ऐकत होती, ती उठून बसली.

"पाडाची त पाडा," ती म्हणाली. "पन पाडाच्या आंधी मले एक डाव तिथं बसाचं हाय. तुह्या बापाच्या कोपऱ्यात."

"काऊन?"

"पाहाचं हाय मले. तिथून काय दिसे त्याले."

मी तिला समजावलं की भेग नेमकी त्याच कोपऱ्याखाली आहे. हॉलमध्ये बाकी कुठेही बस, तो कोपरा नको. ती म्हणाली, "माहं आता काय राह्यलं? पडली त पडली." मी चिडले. मी म्हणाले, तू पडशील ते माझ्या सहीने पडशील, मी आयुष्यात एक पायरी पडू दिली नाही. ती म्हणाली, "मंग नीट कर. शिकली कशाले?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

म्हणजे आता प्रश्न हॉलचा राहिला नव्हता. लग्न मांडवातही लागलं असतं. प्रश्न एका म्हातारीने एका कोपऱ्यात बसण्याचा होता, आणि तिच्याकडे वाट बघायला फार वेळ नव्हता. हे कुणी बोललं नाही, पण भावाने दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी उखडायला माणसं लावली.

ती सगळी काळी माती खोदून काढली. ट्रॅक्टर भरभरून ती वडनेरला परत वावरात गेली, आणि ती उतरवताना भाऊ ढेकूळ हातात घेऊन मला म्हणतो, "तरीबी सोनंच हाय." मुरूम आणला, थर देऊन, पाणी मारून, धुमसाने चेचला. पन्हळ बदलली. भेग धुऊन, आत सिमेंटचं पाणी भरून बुजवली. रुळाच्या तोंडाशी मी स्वतः शिडीवर चढून हातोडीने ठोकून बघितलं. रूळ भिंतीत हातभर आत होता, घट्ट. गोदामाच्या त्या जाड भिंतीने वरून पापुद्रा सोडला होता, पण रूळ सोडला नव्हता. मग दुसरी काच लावली. खोक्यातून या वेळी "कृपया शांतता राखा" हाताला आली. मिस्त्री हसला. मी नाही हसले.

पाऊस सरला. काच शाबूत. मी दर आठवड्याला बुलढाण्याहून यायची आणि आधी काच बघायची, मग चहा घ्यायची. पण रिकाम्या बाल्कनीखाली काच शाबूत राहिली यात काय मोठं? वजन देऊन बघायला हवं. दिवाळीच्या सुमारास भावाची सोयाबीन निघाली, तेव्हा मी त्याला बाजारात न्यायच्या आधी सगळी पोती बाल्कनीत चढवायला लावली. माणसं दाटीने बसली तर होईल त्याहून जास्त वजन. हमाल शिव्या देत जिना चढले. डाव्या कोपऱ्यात मी थप्पी छातीइतकी लावून घेतली. पोती आठवडाभर तशीच ठेवली. भाऊ रोज भाव बघून कासावीस.

आठवड्याने मी आले. दार उघडून सरळ डाव्या भिंतीशी गेले, टॉर्च धरला. काच अखंड. अक्षर न् अक्षर जागच्या जागी. मी खालीच बसले, तशीच, धुळीत. भाऊ घाबरून धावत आला, "काय झालं ताई?" मी नुसतं बोट दाखवलं. त्याने काच बघितली, मला बघितलं, आणि तोही माझ्याजवळ टेकला. आम्ही दोघं बराच वेळ तिथे हसत बसलो. मला बाबा तिकिटाच्या खिडकीखाली बसलेले आठवले.

लग्नाला सगळा गाव आला. पडद्याच्या जागी फुलांची सजावट, पांढरे कपडे, बुद्धवंदना. बाल्कनीत फक्त म्हाताऱ्या बाया बसतील असं भावाने जाहीर केलं होतं. माय जिना स्वतः चढली, दर दोन पायऱ्यांनी थांबत. वर पोचल्यावर सगळी बाल्कनी सोडून सरळ डाव्या टोकाला गेली.

"पोत्याईच्या जागी बसवलं मले," ती खुर्चीत टेकत म्हणाली.

मी खाली काचेशी जाऊन उभी राहिले. भाची नवऱ्याला हार घालत होती आणि मी भिंत बघत होते. फोटोत मी सगळीकडे पाठमोरी आहे. टाळ्या झाल्या, फुलं उधळली, वरच्या म्हाताऱ्या उभ्या राहून पुढे वाकल्या. काच हलली नाही. मग माझं मलाच हसू आलं आणि मी वर गेले.

माय लग्नाकडे बघत नव्हती. कठड्यावर हनुवटी टेकून ती सरळ खाली, बोळातल्या, बायकांच्या त्या जुन्या दरवाजाकडे बघत होती.

"भित कुठून जाय?" तिने विचारलं.

मी हाताने दाखवलं. आडभिंत जिथे येऊन थांबायची, त्याच्या डावीकडे बाल्कनीच्या अवघ्या दोन खुर्च्या येत होत्या. बाकी साऱ्या बाल्कनीला लेडीज दिसायला भिंत आणि कापड आडवं. हे मी नकाशात कितीदा काढलं असेन, पण तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"जाय," ती म्हणाली, "त्या दरवाजापासी उभी राय. मी बसो तिथं."

मी जेवणाच्या पंगतीतून वाट काढत दरवाजापाशी गेले आणि वर बघितलं. मध्ये काहीच नव्हतं. मायचा चेहरा सरळ माझ्यावर. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने हात वर केला आणि हालवला, स्टेशनावर हालवतात तसा.

मी परत वर गेले, तर तिचे डोळे पुसून झाले होते.

"दिसते वं," ती म्हणाली. "सगळं दिसते. फुटानेबी तवाच पाठवे, तुहा भाऊ रडून रडून मले बेजार करे तवा." आणि थोडं थांबून, "मंग मेल्यानं एक डाव हात त हालवाचा होता."